भिंतीला टेकून दिलेलं माप

नातीच्या लग्नासाठी मुलाने माझा नवा शर्ट शिवून आणला. घालून आरशासमोर गेलो आणि माझं डोकंच फिरलं. पाठ लांब, पुढचा भाग आखूड. पोक आलेल्या गिऱ्हाइकाचा शर्ट असाच बेततात. हे त्याला मीच शिकवलंय, मला काय शेंडी लावणार तो!

पार्किन्सनने हात थरथरायला लागले तेव्हा मी कात्री त्याच्या हाती दिली. मग पाठ वाकली, कंबर ठणकायला लागली. घरात जो तो येता-जाता सांगतो, सरळ बसा. सांगायला काय जातं? व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी मात्र मला काम दिलं. रोज भिंतीला टाचा, कुल्ले, खांदे टेकवून उभं राहायचं, हनुवटी आत घ्यायची. तोल गेलाच तर धरायला बायको खुर्ची घेऊन शेजारी उभी असते. त्याने कंबर मोकळी होते, अंथरुणात कूस बदलता येते. मी इथे रोज भिंतीशी झगडतोय आणि हा माझं पोक कापडात पक्कं करून आणतो!

माप कधी घेतलंस, विचारलं. तुम्ही चहा पीत होता तेव्हा नजरेनेच घेतलं, म्हणाला. जुने शर्ट मागून वर चढतात, तुमची कंबर उघडी पडते, बघवत नाही. काळजीपोटी केलं होतं, ते कळत होतं. तरी संताप आवरेना. चहा पिताना कोणीही वाकतो. बसलेल्या माणसाचं माप घेणाऱ्या शिंप्याला मी दुकानाच्या पायरीवर उभं केलं नसतं.

बायकोने न सांगता खुर्ची सरकवली. मी भिंतीला लागलो. टाचा टेकल्या, कुल्ले टेकले, कुरकुरत का होईना खांदेही टेकले. डोकं काही टेकेना. शर्ट मात्र पुढून पट्ट्याच्या वर चढला. मुलगा बघत राहिला.

"बाबा, पण तुम्ही असे थोडाच वेळ उभे राहता," तो हळूच म्हणाला.

"मग तेवढ्या वेळाचा शिव."

त्याने गळ्यातली टेप काढून माझ्या खांद्याला लावली. माझे पाय कापत होते, कंबरेतून कळ येत होती. पण त्याचं पुढच्या भागाचं माप घेऊन होईपर्यंत मी भिंत सोडली नाही.