चिकटलेल्या पानाची साक्ष

मी एक जुनी, सोळा पानी गोष्टीची पुस्तिका आहे. अमेरिकेतल्या डुलूथ शहरातल्या शाळेत, पहिलीच्या वर्गात राहते. गोठलेल्या तळ्यावर मासे धरायला गेलेल्या आजोबांची आणि त्यांच्या कुत्र्याची गोष्ट माझ्या पोटात आहे. पण मित्रांनो, ती आधी कुणी बघत नाही. आधी बघतात माझ्या पाठीवरची चिठ्ठी. तिच्यावर 'एफ' लिहिलंय. अगदी सोपी पुस्तकं 'ए'च्या टोपलीत, जराशी अवघड 'बी'च्या, असं चढत जायचं. ज्याला जेवढं झेपेल तेवढंच त्याच्या हाती पडावं, म्हणून ही सोय. सोय चांगलीच आहे, तरी माझा तिच्यावर फारसा भरवसा नाही. मुलं गोष्ट विसरतात आणि टोपल्यांची चढाओढ करतात.

नवी होते तेव्हा माझे फार लाड झाले. पुढे कुणीतरी नाश्त्याच्या वेळी पॅनकेकवरचा पाक माझ्यावर सांडला आणि मधली दोन पानं घट्ट चिकटली. नखाने सोडवली तरी ती पुन्हा चिकटायची, आणि कुणी नीट पुसायची तसदी घेतली नाही. तेव्हापासून मी जरा संशयीच झाले. कोण प्रेमाने उघडतंय आणि कोण नुसती चिठ्ठी बघतंय, हे मी न्याहाळत असते.

लिनियावर तर माझा पहिल्यापासून संशय होता. सहा वर्षांची ही पोरगी मला धडाधड वाचायची. पण बोट एकीकडे, जीभ दुसरीकडे. जोडीने वाचायच्या तासाला तिचा जोडीदार कॉल्टन चिकटलेली पानं नखाने सोडवून मला मोठ्याने वाचायचा, तेव्हा तिचे डोळे माझ्यावर नसायचेच. ती त्याच्या तोंडाकडे बघायची. लबाड आहे, मी मनाशी म्हटलं.

आमच्या वर्गाच्या बाई, मिस ओस्टबी, एकेका मुलाला शेजारी बसवून वाचून घेतात आणि बरोबर आलेल्या शब्दावर खूण करतात. चुका थोड्या, तर वरची टोपली. लिनियाची पाळी आली.

"आज मी 'जी'त जाणार," ती कॉल्टनला म्हणाली.

"बघ हं! नाहीतर जाशील परत बाळांच्या टोपलीत."

ती सुरू झाली. एकही चूक नाही. मिसची पेन्सिल भराभर चालली होती. ही पोरगी आता वर जाणार, तिथे तिला एक अक्षर कळणार नाही आणि कुणाला पत्ताही लागणार नाही, या विचाराने माझा जीव खालीवर होत होता. तेवढ्यात चिकटलेली दोन्ही पानं एकदमच उलटली आणि मधला मजकूर आतच राहिला.

"कुत्र्याने मासा पळवला. आजोबा ओरडले, अरे चोरा!" लिनिया म्हणाली.

पेन्सिल थांबली.

"हे कुठे लिहिलंय गं?"

"इथेच की."

"इथे तर आजोबा घरी निघालेत, राणी. बरं, हा एकच शब्द वाच बघू."

लिनियाने चित्राकडे पाहिलं, मग छताकडे.

"मिस, पहिल्यापासून म्हणू? मग येईल."

"तू हे पाठ केलंयस?"

"हो. सगळेच करतात ना? कॉल्टनचं पाठांतर माझ्यापेक्षा चांगलंय, एवढंच."

मला रडू फुटायचंच बाकी राहिलं. तिला खरंच वाटत होतं की वाचणं म्हणजे हेच! मिस ओस्टबींनी पेन्सिल बाजूला ठेवली आणि तिला जवळ ओढलं. दुसऱ्या दिवसापासून दोघी एकेका अक्षराचा आवाज जुळवायला बसल्या. कॉल्टन हसला, लिनिया दोनदा रडली, एकदा तर तिने मला भिरकावलंही.

बर्फ वितळल्यावर एका दुपारी तिने 'सी'च्या टोपलीतलं एक पुस्तक उचललं. ते तिला कुणीच कधी ऐकवलं नव्हतं. बराच वेळ ती अडखळत राहिली, आणि मग एकटीच खुदकन हसली. त्या पुस्तकातली गंमत तिला कुणीही सांगितली नव्हती.

म्हणून मित्रांनो, घरातलं धाकटं भावंड फडाफडा वाचून दाखवू लागलं, तर टोपली कुठली ते विचारू नका आणि टाळ्याही जरा उशिरा वाजवा. आधी शेजारी बसा आणि त्याचे डोळे कुठे आहेत ते बघा.