लीयाबाईंचा कडीचा डबा

मित्रांनो, मी एक जुना कडीचा डबा आहे. पोटावर 'सौ. लीया इसाजी, पनवेल' असं नाव कोरलेलं. घरातले बाकीचे डबे डाळ-तांदूळ सांभाळत फळीवर बसत. मी मात्र दरवर्षी समुद्र बघायला जाई!

लीयाबाई मला गव्हाच्या चिकाच्या हलव्याने भरत आणि एसटीने किनाऱ्यावरच्या कोळ्यांच्या गावी नेत. तिथे लांबच लांब वाळू, आणि वाळूच्या बांधामागे अडलेलं शांत खारं पाणी. त्या पाण्याच्या काठी सुमती कोळीण मासे विकायला बसे. हलवा ती ठेवून घेई आणि मला रावस भरून देई. कुणाचा डबा रिकामा परत धाडायचा नाही, हा तिचा नेम.

एका वर्षी रावस मिळालाच नाही. सुमतीने घरच्यांसाठी ठेवलेली कोळंबी सोलून मला काठोकाठ भरलं. पनवेलला झाकण उघडलं आणि बाईंचा चेहराच उतरला. त्या ज्यू. खवलं नसलेला मासा त्यांच्यात खात नाहीत, कोळंबी तर नाहीच. पण हे सुमतीला कधी सांगितलंच नव्हतं! कोळंबी शेजारच्या सुनीताताईंकडे गेली.

"कशी लागली, असं तिने विचारलं तर काय सांगू?" बाई म्हणाल्या.

खोटं बोलवेना, खरं सांगवेना. शेवटी त्यांनी जाणंच सोडलं, आणि मी पडलो माळ्यावर. तब्बल सात वर्षं! झुरळांनीसुद्धा माझी विचारपूस केली नाही. मला फार वाईट वाटे.

यंदा खारघरला कॉलेजात शिकणाऱ्या नातीने, लियोराने, मला खाली काढून लख्ख घासलं. "आजी, हलवा कर. आपण जाऊया."

सुमती आता थकली होती. तिने आधी मला ओळखलं, मग बाईंना.

"बाय, तवा माझी कोळंबी नासकी निघाली का? म्हनून तुमी आल्या नाय? सात वर्सं त्येच डोक्यात हाय."

बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. "नाही गं, ताजी होती. आमच्यात चालत नाही, एवढंच. मीच बोलले नाही."

"मग सांगायचं ना! मी काय परकी हाय?"

त्या दिवशीही पाटीत कोळंबीच होती. सुमती मला घेऊन घरात गेली, तांदळाचं पीठ गच्च भरून आणलं. झाकण लावता लावता थांबली.

"बाय, ह्ये चालतं ना?"

मित्रांनो, कुणी प्रेमाने दिलेलं तुम्हाला चालत नसेल, तर तसं गोडीने सांगून टाका. तुम्ही गप्प बसता, आणि देणारं माणूस तिकडे स्वतःलाच दोष देत राहतं.