पिशवीचं दुसरं टोक

कुठंही गेलं तरी पळसाला पानं तीनच, असं म्हणतात. म्हणणारा माणूस बहुधा परक्या देशात वाणसामान आणायला गेलेला नसावा. शिंपीण लग्न करून या देशात आली आणि पहिल्याच आठवड्यात तिला कळलं, की दुधाची रीत दर देशाची वेगळी. तिच्याकडे दूध काचेच्या बाटलीत यायचं, रोज सकाळी, दारात. रिकामी बाटली विसळून पायरीवर ठेवायची, भरलेली उचलायची, की झालं. बाकीचं सामान खालच्या दुकानातून, लागेल तसं. चार अंडी हवी असली तर चारच आणायची आणि वर दुकानदारणीकडून गल्लीभरच्या बातम्या फुकट ऐकायच्या. इथं आठवड्यातून एकदा गाडी काढून गावाबाहेरच्या अवाढव्य दुकानात जायचं, घरी पन्नास माणसं जेवायला येणार असल्यासारखी ढकलगाडी भरायची आणि कुणाशी अवाक्षर न बोलता परत यायचं. दूध तर पिशवीत. एका मोठ्या पिशवीत तीन लहान पिशव्या. त्यातली एक उभट प्लास्टिकच्या भांड्यात बसवायची, टोक कापायचं आणि भांडं तसंच फ्रिजमध्ये ठेवायचं. तापवणं नाही, गाळणं नाही, साय नाही.

पहिल्या सकाळी तिनं कापड कापावं तसं, शिलाईला दोन बोटं सोडून, पिशवीचं टोक उडवलं. भांडं तिरकं करताच दुधानं एकच उडी घेतली. घोटभर पेल्यात पडलं, बाकीचं टेबलावरून तिच्या मांडीवर. समोर नवऱ्याची दहा वर्षांची मुलगी बसली होती. ती खुदकन हसली असती तर फार बरं झालं असतं. तिनं गुपचूप फडकं आणून दिलं.

"आई दोन टोकं कापायची," ती म्हणाली. "पुढचं दुधासाठी, मागचं हवेसाठी. मग दूध उड्या मारत नाही."

आई म्हणजे नवऱ्याची पहिली बायको. तिला जाऊन दीड वर्ष झालं होतं. नवरा लिफ्ट दुरुस्त करायचा. कामासाठी सहा महिने तो शिंपिणीच्या देशात होता. तिच्या दुकानाच्या इमारतीतली लिफ्ट सारखी बंद पडायची आणि एकदा आत हीच सापडली. लिफ्टमधून सुटले आणि लग्नात अडकले, असं ती स्वतःच सांगायची. माणूस सरळ होता, फक्त बोलायला कंजूष. मुलीला तो खारूताई म्हणायचा. मुलगी शिंपिणीला मावशी म्हणायची, सांगितलेलं ऐकायची आणि चार हात लांब राहायची. चाळिशीला टेकलेल्या शिंपिणीला मूलबाळ नव्हतं, आणि नवऱ्यापेक्षाही जास्त आस तिला या पोरीची लागली होती. हिनं एकदा आपल्याला आई म्हणावं, एवढंच तिचं मागणं होतं.

पण बाई हट्टी. जिवंत सवतीशी निदान भांडता तरी येतं, मेलेलीशी काय करणार? दुसरं टोक कापायचं नाही, असं तिनं ठरवून टाकलं. माहेरून आणलेल्या कात्रीनं ती पुढचं टोक बेतानं कापायची आणि दूध हळू ओतायची. फ्रिजशेजारी खिळ्याला पहिलीची कात्री टांगलेली होती. ती डावखुऱ्यांची. शिंपिणीनं एकदा उजव्या हातात धरून पाहिली, तर पात्यांनी प्लास्टिक कापलं नाही, नुसतं चावलं. तिनं ती परत खिळ्याला लावली.

महिनाभरानं एका सकाळी तिनं फ्रिज उघडला आणि पिशवीचं मागचं टोक कापलेलं होतं. अगदी तांदळाच्या दाण्याएवढं. आदल्या संध्याकाळी तिनं पिशवी लावली तेव्हा ते शाबूत होतं, हे ती छातीवर हात ठेवून सांगू शकली असती. आपल्याच हातून झालं असेल, म्हणून तिनं विषय सोडला. त्याच्या पुढच्या पिशवीलाही तेच. त्याच्या पुढच्या पिशवीलाही.

तिनं नवऱ्याला दाखवलं. तूच कापतोस का, म्हणून विचारलं. त्यानं नाही म्हणून मान हलवली, भांडं हातात घेतलं आणि त्या इवल्याशा भोकावरून अंगठा फिरवला. बराच वेळ फिरवला. मग म्हणाला, "कापलंय ना? मग असू दे." आणि चहात दूध घालून घेतलं. दूध एका धारेत पडलं, जराही न उसळता. शिंपिणीला भीती वाटली ती त्या टोकाची नाही, नवऱ्याच्या तोंडावर आलेल्या समाधानाची.

त्या शनिवारी ते दुकानात गेले. सामानाची यादी पहिलीच्या हातची होती, मागे झुकणाऱ्या अक्षरातली, प्लास्टिकच्या पाकिटात घातलेली. दीड वर्षात ती कुणी बदलली नव्हती. नवरा त्या यादीच्याच क्रमानं चालायचा. आधी पीठ, मग साबण, मग दूध, मधली रांग सोडून. आज तो बिस्किटांपाशी थांबला, आल्याच्या बिस्किटांकडे हात नेला आणि मागे घेतला. आल्याची बिस्किटं त्या घरात एकटी पहिली खायची. बापाला त्यांनी जळजळ व्हायची आणि पोरीला तर वासही सोसायचा नाही. पण पोरीनंच पुढे होऊन एक पुडा उचलला आणि गाडीत ठेवला. आपल्याकडे लागतात, असं ती शांतपणे म्हणाली.

घरी आल्यावर तिनं ती खाल्ली. एकामागून एक तीन. डोळ्यांतून पाणी येत होतं आणि ती चावत होती.

मग शिंपिणीचं लक्ष पोरीवरच राहिलं आणि जे दिसलं ते चांगलं नव्हतं. पोरगी मैदानावर जाईनाशी झाली होती. केसांचा भांग तिनं दुसऱ्या बाजूला पाडला होता, भिंतीवरच्या फोटोतल्यासारखा. जेवायला ती आता खिडकीजवळच्या, इतके दिवस रिकाम्या असलेल्या खुर्चीत बसायची. एका पहाटे बाप कामाला निघाला. बापाशी जन्मभर अरेतुरे करणारी ती पोर भांड्यातलं दूध ओतता ओतता म्हणाली, "मफलर घेतलात का?" आवाज तिचाच होता, सूर तिचा नव्हता. बाप जोडे घालता घालता "घेतला" म्हणाला आणि मग तसाच ओणवा थांबला. थोड्या वेळानं वर न बघताच तो दार ओढून निघून गेला.

नंतरच्या आठवड्यात शाळेतून बाईंची चिठ्ठी आली. मुलीचं अक्षर एकाएकी बदललं आहे, वाचता येत नाही, घरी काही झालं आहे का? शिंपिणीनं वही उघडली. अक्षरं मागे झुकत होती. पेन्सिल कुठली वापरते बघावं म्हणून तिनं कंपासपेटी उघडली, तर तळाशी, कागदाच्या घडीखाली, प्लास्टिकचे बारीक बारीक त्रिकोण सापडले. दुधाच्या पिशव्यांची टोकं. ती तिनं टेबलावर मांडली.

शिंपिणीला कापलेली कड वाचता येते. हात कुठला, घाई होती की नाही, पातं कसं होतं, सगळं त्या कडेत लिहिलेलं असतं. ही टोकं डाव्या कात्रीनं डाव्या हातानं कापलेली होती, पण पहिली पाच-सहा नुसती कुरतडलेली, मग जरा बरी, आणि शेवटची चार सफाईदार. म्हणजे कुणीतरी शिकत होतं. भुताला सराव लागत नाही. बिचारीला क्षणभर हायसं वाटलं, आणि लगेच तिला कळलं की भूत असतं तर परवडलं असतं. इथं जिवंत पोर आपल्या हातानं स्वतःला थोडी थोडी पुसत होती, आणि घरातली दोन घोडी माणसं दूध उसळत नाही म्हणून खूश होती. तिला स्वतःचा भयंकर राग आला.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला ती स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली. पोरगी ओट्याशी होती, डाव्या हातात कात्री, जीभ दातांत धरलेली. टोक कापून झालं तशी शिंपीण खुर्ची ओढून बसली आणि तिनं मुठीतले त्रिकोण टेबलावर ठेवले. पोरगी पांढरीफटक पडली, पण खोटं बोलली नाही.

"मी नाही कापलं तर ती कुठं राहील?" ती म्हणाली. "तिचे कपडे बाबानं देऊन टाकले. तिचं नाव कुणी घेत नाही. एवढंच राहिलंय."

या प्रश्नाला शहाण्या माणसाचं उत्तर काय असतं, ते शिंपिणीला ठाऊक नव्हतं. तिला हाताची कामं ठाऊक होती. एकाच्यानं ओझं उचलवेना तर दुसऱ्यानं घ्यावं, एवढं तिला समजत होतं.

"मग ते मी करते," ती म्हणाली. "मोठ्या माणसाचं काम आहे हे. तू खेळायला जा."

पोरीनं ते पटवून घ्यायला वेळ घेतला. तुझा हात डावा नाही, म्हणाली. तुझा तरी कुठं होता, शिंपीण म्हणाली. तू तिला ओळखत नाहीस, पोरगी म्हणाली. मग तू सांग, शिंपीण म्हणाली. मग त्या दिवशी शाळा बुडवून पोरीनं तिला सगळं शिकवलं. पिशवी आधी गालाला लावून गार आहे का बघायची. उभं राहताना भार एका पायावर टाकायचा. दुसरं टोक कापताना एक गाणं गुणगुणायचं, पण त्याच्या दोनच ओळी पोरीला येत होत्या. शिंपिणीनं नव्या कपड्याचा बेत शिकावा तसं मन लावून सगळं उचललं. पहिली टोकं तिनंही कुरतडली. पोरीनं तिचा हात धरून दाखवलं, आणि त्या स्पर्शानं शिंपीण इतकी सुखावली की तिला बाकी काही सुचेना.

पोरगी सुटली. महिन्याभरात अक्षर पूर्वीसारखं सरळ झालं. भांग मूळच्या जागी आला. गुडघे फोडून घेऊन ती मैदानावरून यायची, ओठांवर दुधाची मिशी घेऊन बडबडायची, आल्याच्या बिस्किटांना शी म्हणायची. शाळेतल्या बाईंनी दुसरी चिठ्ठी पाठवली, ती कौतुकाची. शनिवारी ढकलगाडी आता शिंपीणच ढकलायची. पीठ, साबण, दूध. मधली रांग तिनं कधीपासून सोडायला सुरुवात केली, ते तिच्याही ध्यानात आलं नाही.

एकदा शिवताना सुई डाव्या हातात दिसली. तिनं हसून हात बदलला. पुन्हा एकदा दिसली, तेव्हा हसू आलं नाही. आल्याची बिस्किटं कुणी खात नाही म्हणून ती खायला लागली होती, आणि आता पुडा संपत आला की तिला चैन पडत नसे. आणि एका दुपारी ती मशीनवर गुणगुणत असताना पोरगी दारात येऊन थांबली.

"पुढच्या ओळी तुला कुणी सांगितल्या?" तिनं विचारलं. "मला तर दोनच येतात."

शिंपिणीनं आठवून पाहिलं. कुणीच सांगितल्या नव्हत्या. पोरगी मात्र घाबरली नाही. तिथंच जमिनीवर बसली, मशीनला पाठ टेकली आणि "म्हण ना" म्हणाली. शिंपिणीनं म्हटलं. गाणं पाच कडव्यांचं होतं.

त्यानंतरच्या रविवारी सकाळी ती ओट्याशी नवी पिशवी लावत होती. बाहेरच्या खोलीतून नवऱ्यानं हाक मारली, मोज्याची जोडी सापडत नाही म्हणून. हाक मारली ती पहिलीच्या नावानं. त्या घरात ते नाव शिंपिणीनं कधीच ऐकलं नव्हतं.

"आले," ती म्हणाली, आणि दोन पावलं गेल्यावर जागच्या जागी थिजली.

नवरा दारात आला होता, एका पायात मोजा. त्याचा चेहरा उतरला होता, आणि तरीही तो तिच्याकडे असा पाहत होता, जसं त्यानं तिच्याकडे लग्नाच्या दिवशीही पाहिलं नव्हतं. पोरगी टेबलाशी गणितं सोडवत होती, भराभर, उजव्या हातानं. तिनं मान वर न करता रिकामा पेला पुढे सरकवला.

"आई, दूध दे ना," ती म्हणाली.

हे ऐकायला शिंपिणीनं देश सोडला होता. ही हाक तुला आली की पहिलीला, असं तिनं स्वतःला विचारून पाहिलं, आणि उत्तर ऐकायची तिची छाती झाली नाही. तिनं भांडं उचललं आणि पेला काठोकाठ भरला.