अत्सेदेची जीभ

अत्सेदेने बोटावरचा मध जिभेवर फिरवला, डोळे मिटले आणि सुनेच्या पायांपुढे थुंकून टाकला.

"ओली सताप घातलीस," ती म्हणाली. "पंधरा दिवसांत आंबेल हा. दारूच्या मडक्यात ओत."

"आई, तीन आठवडे धुरावर वाळवली होती," येशीमेबेत म्हणाली. "बोटांत धरली की चुरा होत होता तिचा."

"मग तुझ्या हातालाच पाणी सुटत असेल."

रांगेतल्या बाया हसल्या. येशीमेबेतची आई भिंतीशी बसली होती. लेकीने पहिल्यांदाच स्वतःच्या नावाने मध केला म्हणून ती खालच्या गावाहून अर्धा दिवस चालत आली होती. ती उठली, शाल सारखी केली आणि कॉफी न घेताच निघून गेली. कॉफी न घेता कुणी उंबरा ओलांडला, तर त्याची चर्चा आमच्या डोंगरात आठवडाभर पुरते.

दर शनिवारी बाया आपापल्या औषधी मधाच्या बरण्या घेऊन अत्सेदेच्या अंगणात येत. कुणाचा मध आल्याचा, कुणाचा लसूण-सतापीचा, कुणाचा काळ्या जिऱ्याचा. रानातला मध नुसता ठेवला तर पणतवंडांपर्यंत टिकतो, पण पाल्यात जरा ओल राहिली की तो ती ओढून घेतो आणि फसफसायला लागतो. म्हणून गावाने चाखणारी नेमलेली. तिने गिळला तर बरणी बोंगा शहरातल्या मध-संघाच्या गाडीत विक्रीला जाई, थुंकला तर दारूच्या मडक्यात. तीस वर्षं ती जीभ अत्सेदेची होती आणि तिच्याशी वाद घालायची कुणाची छाती नव्हती. थुंकताना ती दोन शब्द असे लावून द्यायची, की ऐकणारीला महिनाभर झोंबावेत. तिला त्यात मजाही येत असे, हे खोटं कशाला सांगू.

खरी गोष्ट अशी, की त्या शनिवारी तिला ना सतापीची चव कळली होती, ना लसणाची, ना मधाची. गेल्या वर्षी ईस्टरनंतर ताप आला, आठ दिवसांनी उतरला आणि जाताना चव आणि वास दोन्ही घेऊन गेला. आज येईल, उद्या येईल म्हणत तिने वर्ष काढलं. कुणाला सांगितलं नाही. जीभ गेली असं कळलं, तर तिला अंगणात विचारणार कोण? सुनेच्या हातचं खाणारी म्हातारी, एवढीच काय ती उरली असती.

मग ती हातावर भागवू लागली. दोन बोटांत मधाची तार ओढायची. झाकण उघडताना कान लावायचा, आंबलेला मध बारीक कुजबुजतो. आणि करणारीच्या तोंडाकडे बघायचं, कारण लबाडी आधी तिथे दिसते. एवढ्यावर बहुतेक निभावत होतं. पण सगळ्यांचाच मध गिळणाऱ्या जिभेवर कोण विश्वास ठेवील? अधूनमधून कुणावर तरी थुंकायला हवंच. त्या शनिवारी सलग आठ बरण्या पास झाल्या होत्या आणि नववी सुनेची निघाली. तार एकसारखी होती, झाकणाखाली आवाज नव्हता. पण घरच्या माणसावर थुंकलं की लोकांना न्याय झाल्यासारखा वाटतो. एकच दुखणं मात्र हाताने भागत नव्हतं. ती स्वतः करत होती तो मध चवीला कसा उतरतोय, हे तिला वर्षभर ठाऊक नव्हतं आणि कुणाला विचारायची सोय नव्हती.

येशीमेबेतला ते कळलं कॉफीमुळे. आमच्याकडे कॉफीत साखर नाही, चिमूटभर मीठ घालतात. एकदा चुकून दोनदा मीठ पडलं आणि सासूने कप रिकामा केला. दुसऱ्या दिवशी तिने मीठ घातलंच नाही. तिसऱ्या दिवशी मूठभर घातलं. अत्सेदेने ओठ पुसले आणि म्हणाली, "आज कुठे कॉफीला चव आली." येशीमेबेत कप घेऊन मागच्या दारी गेली आणि तळाशी उरलेला थेंब तिने चाखून बघितला. नवऱ्यालासुद्धा तिने काही सांगितलं नाही.

महिन्याभराने संघाचा ताडेले दोन पाहुण्यांना घेऊन आला. हातच्या मधाच्या नव्या बरणीवर अत्सेदेचा फोटो छापायचा होता. अत्सेदे पांढरी शाल घेऊन स्टुलावर बसली. अंगणात वीसेक बाया, निखाऱ्यावर कॉफीचे दाणे तडतडत होते. सुनेची बरणी पुढे आली. अत्सेदेने तार ओढली. बोटापासून बोटापर्यंत न तुटता आली, तेव्हा तिला भिंतीशी बसलेली ती विहीण आठवली. पोरीचं देणं लागतो आपण, असं तिला मनापासून वाटलं. आज पाहुण्यांसमोर ते फेडून टाकू.

तिने एक बोट चाटलं. मग दुसरं, मग तिसरंही.

"बायांनो, ऐका," ती म्हणाली. "असा मध या गावात दुसऱ्या कुणी केलेला नाही. सताप कशी कोरडी आहे बघा. माझ्यामागे हिचाच हात. चाखा ना साहेब, लाजता काय?"

येशीमेबेतला तेव्हा बरणी उचलता आली असती. ती हलली नाही.

ताडेलेने बोट तोंडात घातलं आणि तो अंगणाच्या कडेला धावला. ओकारी आवरत, डोळ्यांतलं पाणी पुसत त्याने विचारलं, "काय आहे हे?"

"कोसो," येशीमेबेत म्हणाली.

कोसो म्हणजे जंताचं औषध. नाव काढलं की पोरं झाडावर चढून बसतात, इतकं कडू. वर्कनेश नावाची शेजारीण बरणीपाशी गेली, टोकाएवढं चाटली आणि वळून म्हणाली, "आणि माझा मध ग कशाने ओळखत होतीस वर्षभर? बुबुळांनी?" मग जे हसू सुटलं, त्यात तीस वर्षं साठलेली होती.

"त्या दिवशीचा माझा मध कसा होता, आई?" येशीमेबेतने विचारलं.

"चांगला होता. तार बघूनच कळलं होतं मला."

"मग थुंकलात का?"

"कुणावर तरी थुंकायचंच होतं."

आता कुणी हसलं नाही. पाहुणे एकमेकांकडे बघू लागले. एकाने कॅमेरा पिशवीत ठेवला.

दुपार कलता कलता कोसोने आपलं काम सुरू केलं. जंत असोत नसोत, तो पोट धुऊन काढतो. अत्सेदे पोट धरून परसातल्या झाडांमागे गेली, परत आली, पुन्हा गेली. तिसऱ्यांदा परतली, तेव्हा स्टुलावर येशीमेबेत बसली होती. गाडी संध्याकाळी निघणार, बरण्या तर तपासायलाच हव्यात, म्हणून ताडेलेनेच तिला बसवलं होतं. ती एकेक बोट चाखत होती, गिळत होती, थुंकत होती, आणि थुंकताना एक शब्द बोलत नव्हती.

अत्सेदे घरात गेली. जरा वेळाने ती आपली बरणी घेऊन बाहेर आली आणि रांगेच्या शेवटी उभी राहिली. पुढच्या बाईने मागे बघितलं आणि तिला पुढे जाऊ दिलं नाही. पाळी आली तेव्हा ऊन भिंतीवर चढलं होतं. येशीमेबेतने बोट बुडवलं, जिभेवर मध बराच वेळ ठेवला, सासूकडे बघितलं आणि गिळला.

गिळला म्हणजे बरणी गाडीत जाणार. पण अत्सेदे हलली नाही.

"कसा आहे?" तिने विचारलं. तीस वर्षांत हा प्रश्न तिने कुणालाही केला नव्हता. "येशी, चव कशी आहे त्याला?"

येशीमेबेतने बोट फडक्याला पुसलं आणि तिच्या खांद्यावरून पलीकडे पाहिलं.

"अजून कुणी राहिलंय का?"

मागे कुणी नव्हतं. अत्सेदेने बरणीला झाकण लावलं, ती स्वतःच गाडीपर्यंत नेऊन ठेवली आणि परत येऊन बायांच्या रिकाम्या कपांचा ढीग विसळायला बसली.