अकरावीसाठी भंडारा

बारामतीच्या एका कॉलेजात मुलींच्या फुटबॉल संघात दहाच जणी उरल्या होत्या. अकरावी मिळाली नाही तर संघ बंद, असं प्राचार्यांनी बजावलं होतं. म्हणून प्रशिक्षक दिग्विजय कळस गावी, कॉलेजातल्याच निकिताच्या घरी आला. गोलात उभं राहावं तर तिनंच.

तिचे आजोबा सर्जेराव म्हणाले, "पाठवतो की. पण मागल्या सरांनी थोरलीला न्हेलं अन् सहा महिन्यांत सोताच पळालं. पोरगी घरी बसली. तीन वर्सं तुमी जाणार न्हाय, हे बेल-भंडारा उचलून सांगा."

 दिग्विजयला पुण्याच्या नोकरीचं पत्र कालच आलं होतं. जाण्याआधी पोरींचा संघ मार्गी लावावा, एवढ्यासाठीच तो आला होता.

"आबा, शब्द देतो ना."

"शब्द त्यांनीबी दिलता," आतून रंगूआजी म्हणाली. "च्याच्या घोटासंगं पिऊन गेलं."

देवापुढची ताटली समोर आली. खंडोबाची खोटी आण घेणं त्याच्या रक्तात नव्हतं, आणि त्या दहा जणी डोळ्यांपुढून हलेनात. त्यानं बेल-भंडारा उचलला आणि तीन वर्षांची आण घेतली.

"आता तुमी हितलंच झाला, सर. जेवूनच जायचं!" सर्जेराव खुलून म्हणाले.

दिग्विजय पाटावर बसला. पहिला घास बराच वेळ तोंडातच फिरत राहिला.