मदतीचं कलम

दिल्लीत लक्ष्मीबाई नगरातल्या आमच्या सरकारी क्वार्टरमध्ये कीर्तन रंगलं होतं आणि माझा नवरा हरीश मात्र फोन घेऊन स्वयंपाकघरात उभा होता. शेजारच्या चार देशांशी करायच्या सागरी सुरक्षा कराराचा मसुदा परराष्ट्र खात्यात त्याच्याकडे होता. एकावर हल्ला झाला तर बाकीच्यांनी लगेच धावून यायचं, या एका कलमासाठी तो वर्षभर भांडत होता.

"मीनाक्षी, आता साहेब म्हणतात, मदतीआधी बैठक घेऊ! बुडणाऱ्याला बैठकीची तारीख कळवायची का, यार?"

"हळू बोल, निरूपण चाललंय."

तेवढ्यात अभंगाच्या वरच्या सुरात बुवांना ठसका लागला. मागच्या टाळकऱ्यांनी कुणाकडे न बघता तोच अभंग उचलला. बुवा पाणी प्यायले, हसले आणि पुन्हा त्यांच्या सुरात मिसळले. माझे हात आपोआप जोडले गेले.

"यांना नाही लागली गं बैठक," हरीश दारातून म्हणाला.

फोन पुन्हा वाजला. "जी सर. बिल्कुल, बदल देता हूँ."

मी बुक्का घेऊन गेले, तेव्हा तो लॅपटॉपवर ते कलम पुसत होता.

"कपाळ पुढे कर."

"लाव. पण आज बुवांच्या पाया पडायला बोलावू नकोस."