तहाला आलेली तलवार

"बाबा, तुम्ही आजवर किती वेळा मेलात?"

मैत्रिणींनी "विचारून दाखवच" म्हणून डिवचलं होतं, तेव्हा कोझुएनं विचारलंच. तोकुजी मला नवा वर्ख चिकटवत होते. म्हणाले, "मोजलं नाही गं. तुझ्या जन्माच्या दिवशी मात्र दोनदा. दुसऱ्यांदा जरा घाईत मेलो, दवाखाना गाठायचा होता."

मित्रांनो, मी एक जुनी बांबूची तलवार आहे. क्योतोच्या स्टुडिओत तोकुजी सामुराईपटांत नायकाच्या हातून मरायचं काम करतात. मला त्यांनीच तासलं. तीस वर्षं आम्ही दोघं चिखलात पडत होतो. एका नायकानं मला उचलून "हिचा तोल छान आहे" म्हटलं होतं, ते मी अजून विसरले नाही. मग सामुराईपट आटले आणि मी पेटीत गेले. वर्ख सोलला, मुठीची दोरी कुजली, कुणी झाकण उघडलं नाही.

यंदा अंतराळपट आला. त्यातल्या योद्ध्यांचा कमरबंद आमचा, खांद्यावरचा पत्रा घोड्यावरून एकटे हिंडत दुबळ्यांसाठी लढणाऱ्या पाश्चात्त्य सरदारांचा. माझ्या पात्यात उजेड नंतर संगणकावर भरणार होते. तोकुजींना म्हाताऱ्या योद्ध्याचं काम मिळालं आणि त्यांनी मला पेटीतून बाहेर काढून नवा वर्ख चढवला. शत्रूच्या घरी तह करायला जायचं आणि दग्यानं मरायचं. मरण्याआधी बोलायला एक वाक्यही होतं, आयुष्यात पहिल्यांदा.

तहाच्या प्रसंगाच्या चित्रीकरणात बसताना त्यांनी मला उजव्या हाताशी ठेवलं. पाहुणा तसंच ठेवतो. उजवीकडची तलवार चटकन उपसता येत नाही, म्हणजे मनात दगा नाही.

"डावीकडे घ्या, मूठ दिसत नाहीये," तरुण दिग्दर्शक कुरिहारा म्हणाले.

"डावीकडे ठेवली तर मी मारायला आलोय असं होईल."

"अहो आजोबा, दुसऱ्या ग्रहावर कसलं डावं-उजवं?"

सगळे हसले. तोकुजींनी मला निमूट डावीकडे ठेवलं. डबा घेऊन आलेली कोझुए दारातच थबकली होती. उजेड जुळेना, म्हणून तो प्रसंग उद्यावर गेला.

घरी जेवायला बसल्यावर कोझुएनं विचारलं,

"बाबा, तुम्ही ऐकून का घेतलंत?"

"मेलेल्यांचं मत कोण घेतं, कोझुए?"

"ह्या वयात दुसरं काम कोण देणार त्यांना?" कोझुएची आई सानाए म्हणाली. "भात निवतोय. खा."

मित्रांनो, आमची मूठ न्या, पातं न्या, त्यात हवा तेवढा उजेड भरा. पण आम्हाला कुठल्या बाजूला का ठेवतात, तेही सोबत न्या. तेवढं मागे राहिलं तर मी नुसता बांबू आहे.

कोझुएनं काड्या खाली ठेवल्या.

"उद्या मी शाळेत जाणार नाहीये. बाबांबरोबर स्टुडिओत येतेय. कुरिहारांना सगळ्यांसमोर विचारणार आहे, तुमच्या ग्रहावर तहाला आलेला माणूस ओळखायचा कसा. बाबा, तुम्ही मध्ये पडू नका. आणि आई, काम गेलं तर मला हवं तेवढं रागव. पण मी जाणार."